पाइन संपायच्या आत

— पावणेतीन. मंगळवारी दुपारी, बरोबर पावणेतीन. नाही हो मिस्त्री, अंदाजे कशाला सांगेन, शेगडीच्या त्या पडद्यावरच होते ना आकडे, हिरवे, आणि त्यांच्याखाली लाल अक्षरं आली नि टीं टीं सुरू झालं. माझ्या एका हातात फोन, कडेवर पोरगी — नेयरा, दहा महिन्यांची — ती दचकून रडायला लागली, आणि मी बघते तर काचेच्या आत विस्तव नाही, नुसता धूर. करडा, जाड धूर. मी आधी खिडकी उघडली, मग दार उघडलं, बर्फ पडत होतं तरी सगळं उघडं टाकलं — लेकरू आहे ना घरात, धुराचं काय सांगावं, वास नसलेलाही असतो म्हणतात. असतो ना? बघा. मला वाटलंच. मी रात्री उठून तिच्या नाकासमोर बोट धरते. सासूबाई हसतात.

तुम्ही काम करा, मी बोलते आपली. कॉफी ठेवलीय तिथे, खडीसाखर बशीत आहे. टाकीत काय घालते? पाइन. पाइनचा भुसा दाबून केलेल्या त्या बारीक कांड्या. आमची शेगडी पाइनवरच लावलेली आहे, आमच्या ह्यांनी लावली — मिर्नेसने, माझ्या नवऱ्याने. कांड्या ढकलणारा स्क्रू किती फिरायचा, पंख्याने किती हवा द्यायची, सगळे आकडे त्याने गुडघ्यावर बसून घातले, दोन दिवस काचेतून ज्योत बघत बसला होता. पिवळी झाली की आकडा बदलायचा, पांढरी झाली की परत बदलायचा. मला म्हणाला, अझेमिना, ह्यात पाइनशिवाय दुसरं काही घालायचं नाही, घातलंस तर ती रुसेल. म्हणून पाइनच. दुसरं काही — काय निघालं ते? दाखवा. अगं बाई. हे जळायच्या वाटीत होतं? दगडच झालाय की राखेचा. सगळी भोकं बुजली? मग हवा कुठून जाणार बिचारीला.

हो. असेल. थोडं बीचचं लाकूड असेल त्यात. पाइनची राख अशी दगड होत नाही, ते मलाही कळतं, तुम्ही नका सांगू. सातवीपर्यंतच शिकले मी, पण शेगडीपुढे तीन हिवाळे काढलेत.

आता खरं सांगायचं तर ह्या गावात दोनच पक्ष आहेत, मिस्त्री, निवडणुकीला सतरा असतात पण हिवाळ्याला दोनच. एक पाइनवाला, एक बीचवाला. पाइनवाले म्हणतात मऊ लाकूड बरं, झटकन पेटतं, काच काळी होत नाही, राख चिमूटभर. बीचवाले म्हणतात, मऊ लाकूड म्हणजे कागद, भुर्रकन गेलं — कठीण लाकूड घ्या, सावकाश जळतं, खोली धरून ठेवतं. दुकानात दोन बाप्ये त्याच्यावरून बोलेनासे झालेत. माझ्या सासूबाई, शेफिकाबाई, त्या पक्क्या बीचवाल्या. त्यांच्या माहेरचं जंगलच बीचचं. मला म्हणतात, पाइन म्हणजे तुझा सासरा गं — पेटायला सगळ्यांच्या आधी, आणि संध्याकाळी हात लावून बघावं तर गार. असं चारचौघांत बोलतात, कबरीत आहेत ते तरी सोडत नाहीत. म्हटलं, आई, मग तुम्ही संसार कसा केलात? तर म्हणाल्या, शाल घेऊन.

बीच त्यांच्याकडूनच आणते मी. खाली बसथांब्याजवळ बेकरी आहे ना, तिच्यावर राहतात त्या, वरच्या मजल्यावर. हातगाडीवर घालून एक-एक पिशवी चढावरून आणायची. त्यांना वाटलं सून शहाणी झाली. मी घरी येऊन करायचे काय, तर एक मगभर पाइन, एक मगभर बीच. हाताने कालवायचे टाकीत. पुढे दोन मगभर बीच, एक मगभर पाइन. गेल्या आठवड्यात तर — जाऊ दे. मूठभर पाइन, वरवर. पोह्यावर खोबरं घालावं तसं.

तुम्ही बघताय माझ्याकडे ते कळतंय मला. चिकट बाई, चार पैसे वाचवायला शेगडीची वाट लावली, असंच ना? सासूबाईही तेच म्हणाल्या. बुधवारी आल्या, ही अशी बंद पडलेली, मी पुन्हा पुन्हा पेटवतेय, ती पाच मिनिटं जळतेय नि पुन्हा टीं टीं. त्यांनी नेयराचं नाक चिमटीत धरलं — गार होतं. पाय बघितले, दोन-दोन मोजे घातले होते मी, तरी गार. तिला शालीत गुंडाळलं. मी म्हटलं, आई, मी इलेक्ट्रिक हिटर लावते. म्हणाल्या, ह्या वायरिंगवर? घर जाळशील. मग दारात वळल्या नि म्हणाल्या, ज्या घरात विस्तव नाही तिथे माझी नात राहणार नाही, विस्तव पेटला की निरोप धाड. राग नव्हता हो त्यात. राग असता तर भांडले असते. माझ्या अंगावर दूध आहे, मिस्त्री, दिवसातून तीन-तीनदा चढ उतरून जाते नि पाजून येते, आणि परत येताना हात मोकळे. बर्फातून मोकळे हात घेऊन चढायचं कसं ते कळतच नाही. काल शाल अशी हातांवर गुंडाळून आणली, रिकामीच.

तर चिकटपणा नाही तो. पैसे येतात. आत्तापर्यंत तरी येतात. काय आहे — तुम्ही शेड बघितली का मागची? नाही बघितली. सप्टेंबरात मिर्नेस ऑस्ट्रियाला गेला, ग्राझला, बांधकामावर. जायच्या आधी पाइनच्या पिशव्या आणून शेडमध्ये रचल्या, जमिनीपासून खिडकीपर्यंत, अशा नीट की भिंतच वाटावी. मग नेयराला उचलून त्या ढिगावर बसवलं, ती सहा महिन्यांची, तोल जात होता, मी ओरडतेय, आणि तो तिला म्हणतो, बघ हं बाई, हे पाइन संपायच्या आत बाबा परत. शब्द दिला. मला नाही, तिला दिला. मी दारातच होते.

ऑक्टोबरात थंडी पडली. तशी दरवर्षीच पडते इथे. ढीग खिडकीच्या खाली आला. नोव्हेंबरात येतो म्हणाला, मग म्हणाला मालक सोडत नाही. डिसेंबरात म्हणाला नव्या वर्षानंतर बघू. आणि इकडे बर्फ — तुम्ही तुझला शहरातून आलात, तुमच्याकडे खाली काय, इथे दारं उघडत नाहीत. एक दिवस शेडमध्ये गेले तर ढीग माझ्या कमरेला. मी तिथेच उभी राहिले. म्हटलं, हे तर संपणार. तो यायच्या आधी संपणार. आणि संपलं तर मग काय? मग शब्द खोटा होणार, त्याचा, लेकराला दिलेला. मग मी — हसू नका — मी त्याला वेळ द्यायचं ठरवलं. पाइन पुरवून पुरवून वापरायचं. बीच मिसळलं की ढीग जरा सावकाश उतरतो. झालं, एवढंच. संपलं नाही तोवर तो खोटा नाही. पेटत नव्हतं नीट, काच काळी होत होती, राख उपसून उपसून माझे हात बघा — पण शेडमध्ये पिशव्या होत्या. आहेत. अजून आहेत चार.

सासूबाईंना कळलंय. त्या शेडमध्ये गेल्या होत्या एकदा, झाडू आणायला. बराच वेळ आल्या नाहीत बाहेर. आल्या तेव्हा झाडू विसरल्या होत्या. आपल्या मुलाचं नाव काढत नाहीत माझ्यापुढे हल्ली.

तो भाग नवा घालताय का? जुनाच साफ झाला? बरं. तुम्ही चांगले आहात, दुसरा असता तर बिल वाढवलं असतं.

मंगळवारचं सांगत होते. फोन त्याचाच होता. मीच केलेला. नेयराला पुढचा दात आलाय, तो दाखवायला — पण त्याने व्हिडिओ लावला नाही, म्हणाला इथे नेट नाही. म्हटलं बरं, ऐक तरी, नि मी चमचा तिच्या दातावर वाजवला, टिक टिक. तो हसला. आणि मागे आवाज आला. कसला? कांड्यांचा. पिशवीतून टाकीत कांड्या ओततात तो. तुम्हाला सांगायला नको, आधी पत्र्यावर ताड ताड, मग सळसळ, मग टाकी भरत आली की आवाज बुजत बुजत जातो. शेगडीवाल्या घरातली बाई तो आवाज झोपेतही ओळखेल.

तो राहतो कामगारांच्या खोलीत, मिस्त्री. सहा जण. भिंतीला गरम पाण्याच्या नळ्या — त्यानेच दाखवलं होतं पहिल्या आठवड्यात, म्हणाला, बघ, इथे राख काढायची भानगडच नाही. आणि मंगळवार, दुपारचे पावणेतीन. त्या वेळी तो परांचीवर असतो, चौथ्या मजल्यावर. घरात कसा?

मी म्हटलं, काय करतोयस? म्हणाला, काही नाही, बसलोय.

आता मीच म्हणते, मालकाने घरी बोलावलं असेल. म्हातारी शेजारीण असेल एखादी, पिशवी उचलवत नसेल तिला. असतात की. करतो तो, मदतीला पहिला. पण पाहुण्याने ओतलं तर कसं ओततो माणूस? ओतून बाजूला होतो. हा शेवटी पिशवीचं बूड धरून दोनदा झटकत होता, तळाचा भुसा निघावा म्हणून. इथेही तसाच झटकायचा. आणि मग झाकण लावलं. आपटलं नाही. हळूच टेकवलं — आत कुणी झोपलेलं असलं की लावतात ना, तसं.

तेवढ्यात आमची ही टीं टीं करायला लागली, धूर झाला, नेयरा रडायला लागली. तो म्हणाला, काय बोंबलतंय ते? मी म्हटलं, शेगडी बंद पडली. पाइन संपत आलंय. मुद्दाम म्हटलं. म्हटलं, ऐकून काहीतरी आठवेल. काही म्हणजे काहीही — गप्प झाला असता तरी चाललं असतं मला. गप्प नाही झाला. लगेच म्हणाला, अगं मग बीच घे की, तिकडे बीचला काय तोटा आहे. मिस्त्रीला बोलाव, आकडे बदलून देईल. असं, सहज. जशी कुणी वाट विचारावी नि आपण सांगावी.

विसरला होता. खोटं बोलला असता तर मी भांडले असते, मिस्त्री. खोटं बोलायला आठवावं लागतं.

कॉफी गार झाली तुमची. दुसरी करू? नको. बरं.

काय म्हणालात? कशावर लावू? हां. म्हणजे तुम्ही एकावरच लावणार, मिसळून चालायचं नाही. पाइन किंवा बीच. बीचवर लावली तर पाइनचे जुने आकडे आत कुठे राहतात का? म्हणजे नंतर कधी लागले तर. पुसले जातात. कागदावर लिहून देता? नको हो. नको, राहू दे. नुसतं विचारलं. त्याने दोन दिवस बसून लावले होते म्हणून विचारलं.

बीचवर रात्रभर टिकेल? हवा जास्त, कांड्या कमी, रोज सकाळी वाटी खरवडायची. रोज. खरवडीन. आणि धूर? घरात येणार नाही ना — तुमच्या घरात असतं लेकरू तर तुम्ही ठेवलं असतं का ह्या खोलीत? ठेवलं असतं. बस, मला तेवढंच ऐकायचं होतं.

लावा बीचवर.

थांबा, एक मिनिट — नाही, काही नाही. लावा. दाबा ते बटण. मी खिडकीकडे बघते, तुम्ही दाबा.

...पेटलं का? दिसतंय. किती सावकाश पेटतं हो हे. लालसर आहे ज्योत. असू दे.

एक काम करा, मागच्या शेडमध्ये त्या चार पिशव्या आहेत पाइनच्या, त्या तुमच्या गाडीत टाका. पैसे नकोत. वाटेत कुणाची पाइनवर लावलेली शेगडी असेल त्याला द्या, कुणालाही, मला सांगू नका कुणाला. मी धरू लागते. नाही, उचलते मी, सवय आहे. आत्ताच न्या. उद्या मागितल्यात तर मी देणार नाही.

निघा आता, घाटात काळोख व्हायच्या आत उतरायला हवं तुम्हाला. आणि जाताना बेकरीशी जरा गाडी थांबवा. वरच्या मजल्यावर शेफिकाबाई म्हणून विचारा, खिडकीतच असतील. त्यांना म्हणावं, विस्तव पेटलाय, नेयराला घेऊन या. त्या विचारतील, कशावर लावली. बीचवर, म्हणून सांगा. दुसरं काही सांगू नका, त्याही विचारणार नाहीत.