खालची अक्षरं

कानाच्या डॉक्टरांकडे नंबरची वाट बघत बसलो होतो. शेजारी एक माउली आणि तिचा मुलगा. माउली आणि तिच्या कानाशी तोंड नेऊन मुलगाही इतक्या मोठ्यानं बोलत होते, की सगळं आपसूक कानावर पडत होतं.

"आई, तुझे सिनेमे तीन ॲपवर विखुरलेत. आता सगळे एकाच ठिकाणी बघ, बाकीची दोन मी बंद करतो."

"त्या एका ठिकाणी खाली अक्षरं येतात का?"

"नाही येत. पण चित्र झकास दिसतं."

"चित्र चाटू का? माणसं काय बोलतात ते कळायला नको?"

"मग आवाज वाढव की."

"वाढवला की तुझी बायको दार आपटते. तेवढं बरं ऐकू येतं मला."

"अगं, तीन-तीन पासवर्ड सांभाळायचे म्हणजे डोक्याला ताप."

"तुम्हा तिघांना सांभाळलं, पासवर्डाचं काय घेऊन बसलास? संन्यास माझ्या कानांनी घेतलाय, मी नाही."

"हट्टी आहेस."

"आहेच. आज सगळ्यांनी आवाज बंद करून, अक्षरांशिवाय एक सिनेमा बघायचा. शेवटी ज्याला गोष्ट सांगता येईल, त्यानं माझं ॲप बंद करावं."

"बरं, चल. आत बोलावलंय."

"ऐकू नाही आलं. लिहून दाखव."