कडेची कोरी जागा

भाची : रक्ताच्या चाळीस नळ्या. स्कॅनरने एकतीस लेबलं वाचली, नऊ नाही. तिसऱ्यांदा मोजलं, मावशी.

मावशी : आणि डॉक्टर एक वाजता बघायला येणार. एक जरी अडली तरी म्हणतील, राहू दे भाचीचा प्रोग्राम, तुमचं अक्षर चांगलं आहे.

भाची : आहेच की.

मावशी : अक्षर चांगलं आहे गं, शाई टिकत नाही. गेल्या आठवड्यात एका चिमुरडीच्या नळीवरचं नाव ओलं होऊन पुसलं, तिला मी दुसऱ्यांदा सुई टोचली. तिच्या आईला शब्द दिलाय, पुन्हा असं होणार नाही; आज तिचीही नळी आहे यात. बोल, काय बिघडलंय तुझ्या त्या लायब्ररीत?

भाची : लायब्ररी म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेला तयार कोड. मी नंबर देते, ती बारकोडच्या रेषा आखून देते.

मावशी : लायब्ररी म्हणे, आणि पुस्तक एक नाही.

भाची : ती बिघडलेली नाही. एकतीस लेबलं तिचीच, प्रिंटर तोच, रोल तोच. या नऊच वेगळ्या कशा? थांब... या सगळ्या बुटक्या आहेत.

मावशी : लहान मुलांच्या नळ्या अशाच असतात.

भाची : मला सांगितलंच नाहीस!

मावशी : तू विचारलंस? आल्या आल्या लॅपटॉप उघडून बसलीस.

भाची : बरं, चुकलं. पण लेबल पन्नास मिलिमीटर लांब. यांच्यावर मावलं कसं?

मावशी : कात्रीने नीट केलं. रेषांना धक्का लावला नाही हं, नुसती दोन्हीकडची कोरी कड काढली.

भाची : मावशी! ती कड मुद्दाम सोडलेली असते. रेषा कुठे सुरू झाल्या नि कुठे संपल्या, हे स्कॅनरला त्या कोऱ्या जागेवरूनच कळतं.

मावशी : म्हणजे दम घेतल्याशिवाय त्याला वाचता येत नाही. तुझ्यासारखं नाही, सगळं एका दमात.

भाची : टोमणे नंतर. बारकोडात मी बारा चिन्हं कोंबलीत. लॅबची अक्षरं, तारीख, नंबर. नुसता सहा आकडी नंबर ठेवला तर? लायब्ररी दोन-दोन आकडे एकत्र बसवते, रेषा निम्म्याहून कमी जागेत येतील, लेबलही तेवढंच आखूड छापता येईल.

मावशी : आणि तोच नंबर दुसऱ्या कुणाला गेला म्हणजे?

भाची : दिलेला नंबर प्रोग्राम पुन्हा देत नाही. बाकीचं संगणकात असतंच.

मावशी : पण नाव खाली छापायचं. पोर समोर बसली की मी नाव वाचून हाक मारते, रेषा वाचून नाही.

भाची : छापते. मोठ्या अक्षरात.

(प्रिंटरची घरघर सुरू होते, थांबते.)

मावशी : इवलंसं झालंय. घे ती पट्टी, मोज.

भाची : रेषा सतरा मिलिमीटर, कड दोन्हीकडे अडीच-अडीच. कात्री कुठाय? आता तुझ्या हाती लागू देणार नाही.

मावशी : खणात. कुलूप लाव नि किल्ली तुझ्याकडेच ठेव.

भाची : जुनी लेबलं काढून ही लाव, आणि स्कॅनर तूच धर. एक वाजता मी नसणार, तूच असणार.

मावशी : नऊच वाचू ना?

भाची : सगळ्या. पहिल्यापासून.

मावशी : ... अडतीस. एकोणचाळीस. ही त्या चिमुरडीची.

भाची : वाचली?

मावशी : चाळीसपैकी चाळीस. एकला अकरा मिनिटं कमी.