वासरू कुणी सोडलं

ठाणे भोर, संस्थान भोर. गुरुवार, तारीख ९ एप्रिल १९३६, दुपारचे दोन.

धोंडाबाई कोम रखमाजी खुटवड, वय अदमासे पन्नास, धंदा भातशेती, राहणार उत्रोली. समक्ष हजर होऊन विचारल्यावरून सांगते ती हकिकत पुढीलप्रमाणे. बाई बोलली तसेच लिहून घेतले आहे.

माझा मालक जाऊन सहा वर्सं झाली. घरात मी आणि माझा मुलगा, दोघंच. शेजारच्या चिमाजी दारवटकरानं फिर्यादीत "बाईच्या वेड्यानं आग लावली" असं लिहून दिलंय. वेडा हे काय नाव न्हाई. त्याचं नाव गेनबा, वय सव्वीस. जबाबात तसंच लिहा, न्हाईतर मी अंगठा देणार न्हाई.

गेनबा सतरा वर्सांचा असताना हिरड्याच्या झाडावरनं पडला. डावा पाय वाकडा जुळला. ठरलेलं लगीन मोडलं. तवापासून तो मागच्या पडवीतच असतो. माणूस समोर आलं की भिंतीकडं तोंड करतो. चार वर्सं झाली, बोलत बी न्हाई. लोक म्हणाले, बांधून ठेव. म्या म्हटलं, बांधायला त्यो काय बैल हाय? देवऋषी झाले, वैद्य झाले. शेवटी माझं मलाच उमगलं, की त्याला तोंडाकडं बघितलेलं सोसत न्हाई. आता मी भाकरी ठेवते, त्याच्याकडं पाठ करून उंबऱ्यात बसते आणि दिवसभराचं सगळं सांगते. कुणाची गाय व्याली, कुठल्या खाचराचा बांध फुटला, कोण कुणाशी भांडलं. तो जेवतो. रिकामी पितळी हळूच माझ्या पाठीला टेकवतो. मग मी उठते.

तो बसून खात न्हाई, हे बी लिहा. बांबूच्या कामट्या आणि पळसाची पानं आणून दिली की इरली विणतो. आत थेंब येईल तर शपथ! लावणीला वाकलेल्या आमच्या गावच्या बाया बघा, दहातली सात इरली माझ्या गेनबाच्या हातची. चिमाजीच्या बायकोच्या पाठीवरचं बी त्याचंच. हे मी मुद्दाम सांगते. लिहिलं का?

मंगळवारी न्याहारीच्या वक्ताला मी ओढ्यावर धुणं धूत होते. भाताच्या रोपासाठी जमीन भाजायची म्हणून चिमाजीनं शेण-पाला पसरला होता. असा राब वाऱ्याच्या उलट अंगानं पेटवतात, म्हंजे आग सावकाश सरकते. यानं वाऱ्याच्याच अंगानं पेटवला. म्या डोळ्यांनी पाहिलं. ओरडले, "चिमाजी, वारं बघ की रं!" तो म्हणाला, "काकी, आता तुमी मला राब शिकवणार व्हय?" आणि राब तसाच टाकून तंबाखू आणायला वरच्या आळीला गेला.

पिळे बादलीत टाकते तोवर धूर दिसला. धावत गेले तर चिमाजीच्या गोठ्यालगतची पेंढ्याची उडवी पेटलेली, आणि तिथं गेनबा. नऊ वर्सांत जो अंगणात आला न्हाई, तो पाय ओढत दोन बांध ओलांडून आलेला. करंजाचा ओला डहाळा घेऊन आगीवर मारत होता. छपराची एक कड जळली, गोठा वाचला. त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजलेत. माणसं गोळा झाली तसा तो भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. विचारलं तर बोलंना. म्हणून म्हणतात, यानंच लावली.

चिमाजीचं वासरू गोठ्यात बांधलेलं होतं, ते ओढ्यात मिळालं. दावं तुटलेलं नव्हतं, खुंट्याची गाठ सोडलेली होती. वासरू कुणी सोडलं, हे मला ठाऊक न्हाई.

फौजदारसाहेब मघाशी म्हणाले, असल्या मुलाला पुण्याकडं वेड्यांच्या इस्पितळात धाडू, तुझा भार हलका होईल. साहेब, भाराची तक्रार घेऊन मी आलेच न्हाई. माझा ऊर भरून आलाय. शहाणा होता तो तंबाखूला गेला आणि वेडा म्हणता तो आगीत शिरला, मग धाडायचं कुणाला ते तुमीच बघा. आज म्या गाडी जुंपली तर तो आपणहून मागं येऊन बसला. बाहेर पायरीवर हाय. हातांना खोबरेल लावलंय.

वरील मजकूर बाईस सावकाश वाचून दाखवत असता, "वासरू कुणी सोडलं" या ओळीशी बाहेरच्या पायरीवरून आवाज आला, "म्या सोडलं. आधी वासरू. मग आग इझवली." कोण बोलले असे विचारले. बाई म्हणाली, "माझा गेनबा. लिहा, लिहा!" बाहेर पाहता सदर इसम भिंतीकडे तोंड करून बसलेला होता.

सबब ती ओळ बाईच्या सांगण्यावरून खोडली. तिच्या जागी लिहिले: वासरू माझ्या मुलानं, गेनबा बिन रखमाजी यानं, सोडलं. दुरुस्तीसह मजकूर पुन्हा वाचला. ही ओळ बाईने आणखी एकदा मोठ्याने वाचावयास लावली, व सर्व खरे व बरोबर असल्याचे सांगून अंगठा उठवला.

रुजू, सावळाराम, हवालदार.