शेवाळाची पट्टी

ड्रेसिंगच्या खोलीबाहेर पोस्टमन आपला बांधलेला पाय स्टुलावर टाकून पेपर वाचत होता. वाचत कसला, शेजारच्या म्हातारा-म्हातारीकडे कान लावून बसला होता.

"अहो, घोटाळा झाला माझ्याकडून. तुमच्या पायाच्या बोटावरची ती पट्टी समुद्रातल्या शेवाळाची होती म्हणे. जखमेची ओल लागली की तिचा चिकट थर होतो आणि त्यानंच जखम भरते."

"बरं मग?"

"मला वाटलं, पू! बारा दिवस रोज सकाळी पट्टी सोडून पुसून काढत होते. सिस्टर म्हणाली, आणखी आठवडाभर असंच चाललं असतं तर बोट कापावं लागलं असतं."

"मला ठाऊक होतं."

"काय?"

"थर काढायचा नाही, हे तिनं मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."

"आणि मिठाची गुळणी धरून बसलात? स्वतःच्याच बोटाच्या जिवावर उठलात?"

"तू रोज तासभर माझा पाय मांडीवर घेऊन बसायचीस."

"त्या बधिर पायाला काय कळतंय!"

"पायाला नसेल. मला कळायचं."

पोस्टमननं न वाचताच पान उलटलं.

"आता चार दिवस पट्टीला हात लावायचा नाही, सांगून ठेवते."

"आणि पायाला?"

"द्या इकडे."