व्हायोलिन काढा, मग रडवा

नाही, तुम्हीच सांगा, गाढव मजेत गवत खातंय, यात रडण्यासारखं काय आहे? पण आमची वेसेलीना... माझी बायको हो... टीव्हीसमोर बसून हमसून हमसून रडतेय! का, तर माहितीपट! 'डोंगरातल्या गावातलं शेवटचं गाढव!' अगं, म्हटलं, आपण शेवटचे आहोत हे त्या गाढवाला तरी माहितीय का? पोट बघ कसं टम्म फुगलंय! तर म्हणते, "दोब्री, तुला काळीजच नाही." आता तुम्हाला सांगतो, बत्तीस वर्षं आमच्या स्लीवेनच्या रस्त्यांवर बस चालवून शाबूत राहिलेलं काळीज आहे माझं! पण मला कानही आहेत. गाढवामागे व्हायोलिन वाजत होतं. म्हणून म्हणतो, व्हायोलिन काढा आणि मग रडवून दाखवा!

आणि एकटा टीव्हीच असं करतो म्हणता? आमच्या वाचनगृहातल्या ग्रोझ्दानाबाई पुस्तक हातात देतात ते डॉक्टरनं रिपोर्ट द्यावा तसं. "दोब्रीकाका, हे वाचाच. मी तीन दिवस जेवले नाही." अहो बाई, मग मी कशाला वाचू? मला जेवायचंय! तरी वाचलं. चाळिसाव्या पानापर्यंत आई गेली, बाप गेला, कुत्रा गेला... त्या लेखकाला आवरणारं घरात कुणी नाही का हो? आणि जावयानं फोनवर लावून दिलेला तो पॉडकास्टवाला! "मित्रांनो... हंऽऽ... आज आपण... हंऽऽ... एकटेपणाबद्दल..." अरे बाबा, आधी दम्याचं औषध घे! आणि त्याच्याही मागे काय? बरोब्बर. व्हायोलिन!

तोवर ठीक होतं, लोकांची दुःखं होती. पण एक दिवस हे प्रकरण आमच्याच स्वयंपाकघरात शिरलं. राजधानीतून एक मुलगी आली, रालित्सा. बंद पडलेल्या कापडगिरणीवर माहितीपट करायचाय म्हणाली. आमची वेसेलीना तिथं सत्तावीस वर्षं मागावर होती. तीन तास बोलली हो ती कॅमेऱ्यासमोर! मी तेव्हा बागेत टोमॅटोला काठ्या लावत होतो, पण हसण्याचे आवाज पार कुंपणापर्यंत येत होते.

मग वाचनगृहाच्या हॉलमध्ये फिल्मचा खेळ लागला. अख्खं गाव लोटलेलं. वेसेलीना केस सेट करून, निळा कोट घालून पहिल्या रांगेत. आणि पडद्यावर काय दिसतं? ही खिडकीशी बसलीय. गप्प. दीड मिनिट गप्प! आमच्या लग्नाला एकेचाळीस वर्षं झाली, एवढी गप्प मी तिला झोपेतसुद्धा पाहिली नाही! आणि मागून कुणाचा तरी घोगरा आवाज, "तिचे हात... आता... रिकामे आहेत." रिकामे? त्याच हातांनी सकाळी चाळीस मिरच्या भाजल्या होत्या! आणि खिडकीतून काय बघत होती सांगू? टोमॅटो सोडून दुकानात गेलेला मी बिअर घेऊन येतोय का, ते!

पण सगळा हॉल नाक ओढतोय. ग्रोझ्दानाबाईंचा रुमाल ओला. मागून एक म्हणाली, "बिचारी वेसेलीना!" बिचारी?... मी हळूच शेजारी पाहिलं. तर माझी बायको एवढीशी होऊन बसलेली. कोटाच्या कॉलरमध्ये मान घातलेली. नुसती चिडली असती तर मी गप्प बसलो असतो हो, पण ती लाजली होती.

उठलो! "दिवे लावा!" वेसेलीना बाही ओढतेय, "खाली बस रे, लोक बघतायत!" बघू देत! म्हटलं, "पोरी, तीन तास बोलली ना ही? ते कुठंय?" रालित्सा गोंधळली. "आजोबा, ते सगळं... हसण्याचं होतं. फिल्मचा सूर वेगळा आहे." सूर? "ते व्हायोलिन काढ," म्हटलं, "आणि माझ्या बायकोला बोलू दे!"

मग मागून गिरणीतल्या बाया ओरडायला लागल्या, "बोलू दे! बोलू दे!" पाय आपटतायत, खुर्च्या वाजवतायत! पोरगी भली हो, तिनं कॉम्प्युटर उघडला आणि न कापलेलं लावलं.

आणि आली की माझी वेसेलीना पडद्यावर, पीठ लागलेल्या हातांनी! सांगतेय, ऐन जानेवारीत गिरणीत शेगड्या बंद होत्या. मॅनेजर गरम कोट घालून आला, म्हणाला, "भगिनींनो, जरा सोसा." ही म्हणाली, "साहेब, बटण लोंबतंय तुमचं, द्या, टाका घालून देते." कोट घेतला. आणि एक बटण लावायला चार तास घेतले! अठरा बायकांनी आळीपाळीनं! तिसऱ्या तासाला निळा पडलेला साहेब स्वतः कोळसा आणायला धावला!

हॉल नुसता कोसळला! नगराध्यक्ष खुर्चीवरून घसरले. आणि त्या गडबडीत पडद्यावरची वेसेलीना म्हणते, "आणि आमचा दोब्री... आमची शिफ्ट उशिरा सुटली की फाटकापाशी बस थांबवून इंजिनात डोकं घालायचा. बिघाड झालाय म्हणायचा. बाया गारठून चालत जाऊ नयेत म्हणून. त्याला वाटतं, मला ठाऊक नाही."

आता... तुम्हाला सांगतो... मागे काही वाजत नव्हतं. पिपाणीसुद्धा नाही. आणि मी, बत्तीस वर्षं बस चालवलेला माणूस, भर हॉलमध्ये भोकाड पसरलं! वेसेलीनानं रुमाल दिला. म्हणाली, "पूस. गाढवासाठी राखून ठेवलं होतंस का रे इतके दिवस?"

रालित्सानं फिल्म परत कापली, व्हायोलिनवाल्याला घरी पाठवलं, आणि मे महिन्याच्या उत्सवात ती दाखवली तेव्हा लोक उभं राहून टाळ्या वाजवत होते. जिंकलो हो आम्ही! पार जिंकलो! त्या यशानंतर रालित्सानं वेसेलीनाला स्वतःचा पॉडकास्ट काढून दिला. दर शनिवारी, आमच्याच स्वयंपाकघरात. फ्रिज घुरघुरतो म्हणून फ्रिज बंद. खुर्ची करकरते म्हणून मी उभा. मग उभा राहून श्वास मोठ्यानं घेतो म्हणून मी गॅलरीत. ऐकला नसेल तर ऐका जरूर. सहाव्या भागात, कोटाच्या गोष्टीनंतर, मागून कुणीतरी शिंकतं बघा... तो मी. घरात तेवढंच बोलायला मिळतं आता.