जैसलमेरच्या घराची वीट

अगं, परवा ऑफिसात काय झालं ते ऐक, मी अजून हवेतच आहे! जैसलमेरजवळ वाळवंटात एका व्यापाऱ्याचं घर डिझाइन करतेय मी. त्याला हवा होता काचेचा बंगला, आणि मी मातीच्या जाड भिंतींसाठी हटून बसले होते. त्याला दाखवायला म्हणून माती, चुना आणि भुसा कालवून घरीच एक कच्ची वीट केली. इथे परदेशात, आमच्या सेंगकांगच्या दमट हवेत ती वाळेना, म्हणून तीन आठवडे बेडरूममध्ये एसीखाली ठेवली. नवरा कुडकुडून हॉलमध्ये झोपायला गेला.

आणि मीटिंगच्या दिवशीच, पाया लेबार स्टेशनवर एमआरटी मेट्रोतून उतरताना पिशवी दारावर आपटली. विटेचे दोन तुकडे!

तेच टेबलावर ठेवले. व्यापारी हसला. "मॅडम, घर भी ऐसे ही टूटेगा क्या?"

सोबत त्याच्या आई आल्या होत्या. त्यांनी एक तुकडा उचलला, तुटलेल्या बाजूवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "भूसा कम है, बेटी."

मग बाई ज्या सुटल्या! भिंत किती जाड, खिडकी किती लहान, झरोका कुठल्या दिशेला, सगळं माझ्याच पेनने माझ्याच नकाशावर काढलं. मी नुसती मान डोलवत होते.

मुलगा कसाबसा म्हणाला, "माँ, लेकिन काँच?"

त्यांनी मानही वर केली नाही. "काँच तू अपने दफ्तर में लगा. जून में उस घर में मैं रहूँगी."