एकट्याचा खेळ, दोघांत

एकट्यानं खेळायच्या बंदुकीच्या खेळात दम नाही म्हणता? माझा मित्र प्रताप इथं असता तर भांडलाच असता! कॉलेजात असताना तंजावूरच्या राजवाड्यामागं कॉम्प्युटर सेंटर निघालं, तिथं आम्हा दोघांत एकच मशीन मिळायचं. कीबोर्ड त्याच्याकडं, माउस माझ्याकडं. तो चालायचा, मी गोळ्या झाडायचो.

मीही म्हणायचो, “समोर खरा माणूसच नाही, कसला खेळ डा!” आमच्या तंजावुरात ‘रे’च्या जागी तमिळ ‘डा’च चालायचा.

तो चिडायचा. “ह्यात गोष्ट आहे डा, गोष्ट!”

पुढं तो अमेरिकेला गेला. परवा फोनवर विचारलं, “आता घरीच मशीन आहे, संपवलास का तो खेळ?”

“कुठला! पहिल्याच दारात मरतो.”

“का?”

“दार उघडतो, आणि तू गोळी झाडशील म्हणून थांबतो.”